खाऱ्या पाण्यातून मिळविलेली जमीन

पेणचे नाव निघाले की परगावच्या माणसाला गणपतीच्या मूर्ती आठवतात. परंतु पेणची आणखी एक घडण आहे, ती म्हणजे येथील खारी जमीन. अंबा नदी नागोठण्यावरून धरमतरच्या खाडीकडे जाते. या खाडीकाठी आपल्या पूर्वजांनी मातीचे बांध घालून भरतीचे पाणी अडविले. पावसाने मीठ धुऊन जाई, उघाडीतून ते पाणी ओहोटीला बाहेर सोडले जाई आणि त्याच जमिनीत राता भात पिके. बांधाला खांड पडली की गावकरी जोळ करून, म्हणजे सर्वांनी मिळून अंगमेहनतीने, ती बुजवीत. पुढे 1948 साली मुंबई राज्यात खार जमिनींचा कायदा झाला आणि 1979 साली महाराष्ट्राने नवा कायदा केला. सरकारचा हात लागला हे चांगलेच झाले. परंतु जोळ मात्र हळूहळू मागे पडली.

बांध फुटून खारे पाणी शिरले की दोन-चार वर्षांत सोन्यासारखे शेत ओसाड दिसू लागते. पाहणारा त्याला पडीक म्हणतो, आणि पडीक म्हटलेल्या जमिनीचा भाव करणे सोपे असते. म्हणून जमीन राखण्याचे पहिले काम बांध राखण्याचे आहे.

जमिनीची किंमत कोणी ठरवावी, हा प्रश्न 2005 च्या विशेष आर्थिक क्षेत्र कायद्यानंतर आपल्या दारी आला. महामुंबई सेझसाठी उरण, पनवेल व पेण या तालुक्यांतील 45 गावांची जमीन मागण्यात आली. पेणमधील 22 गावे हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात येत होती. ज्या जमिनीला पाणी देण्यासाठी धरण बांधले तीच कारखान्यांना कशी द्यावी, असा शेतकऱ्यांचा साधा सवाल होता. प्रा. एन. डी. पाटील, उल्का महाजन आदींनी हे आंदोलन उभे केले. अखेर 21 सप्टेंबर 2008 रोजी शासनाने या 22 गावांत जमीनधारकांचा कौल घेतला. मतदान करणाऱ्यांनी फार मोठ्या बहुमताने नकार दिला, आणि पुढे तो प्रकल्प उभा राहिला नाही.

रोह्याकडील फणसाडचे जंगल निराळ्या रीतीने वाचले. मुरूड व रोहा तालुक्यांत पसरलेले हे रान एके काळी जंजिऱ्याच्या नबाबाचे शिकारीचे रान होते. 1986 साली ते अभयारण्य म्हणून जाहीर झाले. शेकरूला सातबारा नसतो. त्याच्यासाठी शासनानेच बोलावे लागते. शेताचे तसे नाही. तेथे ज्याचे नाव त्याचा शब्द.

येथेच भगिनींनी क्षणभर थांबावे. भात लावणारे हात बहुतांशी आपले असतात. पण जमीनधारकांचा कौल घ्यावयाचा झाला तर सातबाऱ्यावर ज्यांची नावे, त्यांनाच विचारले जाते. महाराष्ट्राने 1994 साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला, 2005 साली तो देशभर लागू झाला. तरीही भावाच्या मायेपोटी किती जणी हक्कसोड लिहून देतात!

माया असावी, पण नावही असावे. या वर्षी प्रत्येकीने तलाठ्याकडून आपल्या घरचा सातबारा आणावा आणि मंडळात बसून तो एकमेकींना वाचून दाखवावा. ज्या बांधावर आपण माती टाकली, त्या बांधाविषयी बोलण्याचा अधिकार आपला आहे की नाही, हे त्या कागदावरून कळेल.