मोबाइलच्या कार्यप्रणालीत मराठी कशी आली?

ठाण्याच्या माजिवडा नाक्यावर थोडा वेळ उभे राहिले की एक गोष्ट ध्यानात येते. मुंबईहून पूर्व द्रुतगती महामार्ग येथे येतो, नाशिककडे जाणारा रस्ता पुढे निघतो, घोडबंदरचा रस्ता येथेच फुटतो आणि शहरातली वाहनेही यात मिसळतात. कोणी केव्हा थांबायचे, कोणी पुलावरून जायचे आणि कोणी खालून, हे ठरवणारी व्यवस्था नसेल तर रस्ते कितीही रुंद असून उपयोग नाही.

मोबाइल फोनच्या आत असाच एक नाका असतो. पडदा, कॅमेरा, मायक्रोफोन, स्मृती, बॅटरी ही साधने मोजकी. पण ती एकाच वेळी वापरू पाहणाऱ्या आज्ञावली मात्र अनेक. कोणाला किती क्षण प्रक्रियक मिळेल, कोणी कोणत्या साधनाला हात लावायचा, हे ठरवणाऱ्या मूळ आज्ञावलीला ऑपरेटिंग सिस्टिम किंवा कार्यप्रणाली म्हणतात. नाक्यावरचा हवालदार स्वतः कोठेच जात नाही, पण त्याच्यावाचून कोणीच पुढे जात नाही. कार्यप्रणालीचेही तसेच आहे.

भारतात मोबाइलवरून पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. त्या काळच्या फोनमध्येही कार्यप्रणाली होती, पण ती कारखान्यातच पक्की बसवलेली असे. तिच्यात भर घालणे ग्राहकाच्या हाती नव्हते. १९९८ साली सायन, नोकिया, एरिक्सन आणि मोटोरोला यांनी एकत्र येऊन सिंबियन ही कंपनी काढली. तिच्या कार्यप्रणालीवर बाहेरच्या लोकांनी लिहिलेल्या आज्ञावली चालू शकत. तरीही कळा मात्र ठरलेल्याच होत्या. अंकांच्या बारा कळांवर सव्वीस रोमन अक्षरे बसवताना एकेका कळेवर तीन-चार अक्षरे द्यावी लागत. मग स्वर, व्यंजने, काना-मात्रा आणि जोडाक्षरे असलेल्या देवनागरीची काय कथा!

ऑक्टोबर २००३ मध्ये अमेरिकेत अँडी रुबिन आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी अँड्रॉइड नावाची कंपनी स्थापन केली. त्यांचा पहिला विचार डिजिटल कॅमेऱ्यांसाठी कार्यप्रणाली करण्याचा होता. पुढे ते फोनकडे वळले. २००५ मध्ये गुगलने ही कंपनी विकत घेतली. ५ नोव्हेंबर २००७ रोजी फोन बनवणाऱ्या व इतर अनेक कंपन्यांची एक आघाडी जाहीर झाली आणि २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन बाजारात आला. त्याच्या प्रक्रियकाचा वेग ५२८ मेगाहर्ट्‌झ होता आणि स्मृती १९२ मेगाबाइट.

या प्रणालीच्या पायाशी लिनक्स आहे. फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्‌स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहायला घेतलेला हा गाभा कोणालाही फुकट वापरता येतो, बदलता येतो. अँड्रॉइडचीही मूळ संहिता खुली ठेवण्यात आली. त्यामुळे कोणत्याही कारखानदाराला पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागली नाही आणि स्वस्त फोन शक्य झाले. दुसरा फायदा सुरक्षिततेचा. प्रत्येक आज्ञावलीला स्वतंत्र कप्पा मिळतो. एकीला दुसरीच्या कप्प्यात परवानगीवाचून डोकावता येत नाही. २०१५ मधील सहाव्या आवृत्तीपासून कॅमेरा किंवा मायक्रोफोन पहिल्यांदा वापरायच्या वेळी ग्राहकाला विचारले जाऊ लागले.

पण आमच्या मते मराठी माणसाच्या दृष्टीने खरी क्रांती एप्रिल २००९ मध्ये आलेल्या १.५ या आवृत्तीने केली. पहिल्या अँड्रॉइड फोनला सरकवून बाहेर काढायच्या खऱ्या कळा होत्या. या आवृत्तीने कळफलक काचेवर आणला, आणि इतरांनी तयार केलेले कळफलक बसवण्याचीही सोय ठेवली. कारखान्यात छापलेली कळ बदलत नाही; काचेवर काढलेली कळ मात्र पाहिजे त्या लिपीची होऊ शकते. देवनागरीच्या वाटेतला पहिला अडथळा असा दूर झाला.

दुसरा अडथळा होता सांकेतिक क्रमांकांचा. संगणकाला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने जिस्ट या तंत्राच्या साहाय्याने भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मोठे काम केले. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने या लिप्यांसाठी इस्की हा संकेत प्रमाण म्हणून स्वीकारला. जगातील सर्व लिप्यांसाठी युनिकोड हा संकेतही त्याच सुमारास आला. त्यात देवनागरीसाठी १२८ स्थानांचा गट राखलेला आहे.

मात्र त्या गटात मराठीची एक जागा रिकामी होती. बॅटमधला 'ॅ' होता, पण 'ॲप' या शब्दाच्या आरंभी येणारा 'ॲ' हा स्वतंत्र स्वर नव्हता. तो एप्रिल २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत दाखल झाला. त्याच वर्षी अँड्रॉइडचा ॲप-बाजारही उघडला! महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने 'ॲ' आणि 'ऑ' यांना वर्णमालेत स्थान दिले. ज्यांच्या फोनमध्ये जुना अक्षरसंच होता त्यांना मात्र या अक्षराच्या जागी पुढेही रिकामा चौकोन दिसत राहिला.

तिसरा अडथळा सर्वांत अवघड होता. 'शिक्षक' हा शब्द घेऊ. फोनमध्ये तो श, पहिली वेलांटी, क, हलन्त, ष, क अशा सहा क्रमांकांनी साठवला जातो. वेलांटी साठवताना श नंतर येते, पण काढायची मात्र श च्या आधी. क, हलन्त आणि ष मिळून क्ष व्हायला हवा. हे नियम कार्यप्रणालीला ठाऊक नसतील तर अक्षरे असूनही शब्द मोडका दिसतो. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागा. पहिल्यात रफार, दुसऱ्यात अर्धा ऱ. हा भेद पाळला नाही तर अर्थच बदलतो. २०११ च्या अखेरीस आलेल्या चौथ्या आवृत्तीच्या सुमारास अँड्रॉइडवर देवनागरी बऱ्यापैकी नीट उमटू लागली, आणि २०१४ मधील पाचव्या आवृत्तीत संपूर्ण फोनची भाषा म्हणून मराठी निवडता येऊ लागली.

ही वाट मुंबईतूनही चालली गेली. आयआयटी मुंबईत शिकलेल्या राकेश देशमुख, आकाश डोंगरे आणि सुधीर बी. या तिघांनी अँड्रॉइडच्या खुल्या संहितेवर भारतीय भाषांसाठी प्रणाली उभारली. २०१५ मध्ये ती मायक्रोमॅक्सच्या एका फोनवर आली आणि इंडस ओएस या नावाने ओळखली जाऊ लागली. आलेल्या मजकुरावर बोट फिरवले की त्याचे भाषांतर किंवा लिप्यंतर होई. तिच्या ॲप-बाजारात ई-मेलचा पत्ता नसलेल्या माणसालाही प्रवेश होता. पण पुढे मूळ अँड्रॉइडनेच भारतीय भाषा आत्मसात केल्या आणि जिच्यावर ही प्रणाली येत असे त्या भारतीय फोनांची जागा परदेशी बनावटीच्या फोनांनी घेतली. २०२२ मध्ये फोनपेने ही कंपनी विकत घेतली. फेब्रुवारी २०२४ मध्ये इंडस ॲपस्टोअर सुरू झाले, म्हणजे प्रणाली गेली आणि बाजार उरला.

हा अनुभव विचार करायला लावणारा आहे. संहिता खुली असली तरी तिच्यावरचा बाजार खुला असतोच असे नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या बाबतीत आपल्या वर्चस्वाचा गैरवापर केल्याबद्दल गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, तो याच मुद्द्यावर. दुसरी मर्यादा जुन्या फोनांची. नवी आवृत्ती आली तरी ती आपल्या फोनवर द्यायची की नाही, हे बहुधा फोन बनवणारी कंपनी ठरवते. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि घरातला एकुलता एक जुना फोन हाच वर्ग झाला, तेव्हा ही मर्यादा केवळ तांत्रिक राहिली नाही. ज्या मुलाच्या फोनवर ॲप चालत नव्हते, ते मूल त्या दिवशी गैरहजर ठरले.

वर्गात एक छोटा प्रयोग करता येईल. साध्या लघुसंदेशात १४० बाइट, म्हणजे १,१२० बिट मावतात. रोमन अक्षराला ७ बिट लागतात; १,१२० ला ७ ने भागा, १६० अक्षरे येतात. देवनागरीच्या प्रत्येक क्रमांकाला १६ बिट लागतात. मग ७० च येतात. रोमन लिपीत थोडा मजकूर टंकून मध्येच एक 'क' घाला. अक्षरे मोजणारा आकडा दिसणाऱ्या फोनवर शिल्लक एकदम घसरलेली दिसेल. मग मुलांना 'शिक्षक' शब्दाला किती बिट लागतील ते विचारा. सहा गुणिले सोळा, म्हणजे ९६ हे उत्तर आले की पुढचा प्रश्न विचारावा: डोळ्यांना तीनच अक्षरे दिसतात, मग सहा क्रमांक कोठून आले?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मुले व्याकरणाकडे वळतील आणि संगणकाकडेही. माजिवडा नाक्यावरून रोज जाणाऱ्याला हवालदाराची आठवण कोंडी झाल्यावरच होते. 'ॲ' च्या जागी चौकोन दिसला की कार्यप्रणालीची आठवण होते, तीही अशीच. तो चौकोन कोणी तरी चिकाटीने भरून काढलेला असतो, एवढे मुलांना कळले तरी पुष्कळ झाले.