मेगाफोन आणि मातीचे किल्ले

१२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री भोला बेटावर व मेघनेच्या मुखाजवळील चरांवर समुद्र चढून आला. तीन ते पाच लाख माणसे दगावली असे म्हणतात. नेमकी मोजदाद झालीच नाही. मदतीतील दिरंगाईचा संताप डिसेंबरच्या निवडणुकीत पाकिस्तानी सत्तेविरुद्ध उतरला आणि पुढे १९७१ चे युद्ध झाले.

युद्धाने मोडलेल्या बांगलादेशात १९७२ मध्ये रेड क्रॉसच्या साह्याने चक्रीवादळ-पूर्वतयारीचे काम सुरू झाले. ढाक्याहून बिनतारी संदेश जावा आणि गावातल्याच स्वयंसेवकाने मेगाफोन घेऊन दारोदार फिरावे, इतकी साधी योजना. आसऱ्यासाठी मातीचे उंचवटे रचले. त्यांना ‘मुजिब किल्ला’ म्हणत. १९७५ मध्ये मुजिबुर रहमान यांची हत्या झाली, लष्करी राजवटी आल्या. स्वयंसेवक मात्र टिकले. साहेब बदलला की योजना बासनात जाते, हे सरकारी नोकरीत पाहिलेल्या मला याचे फार अप्रूप वाटते.

तरीही एप्रिल १९९१ मध्ये सुमारे १,३८,००० बळी गेले. इशारा पोचला होता. निवारे अपुरे होते. बायका पुरुषांहून कितीतरी अधिक गेल्या: पडदा, कडेवरची मुले, निवाऱ्यात आडोसा नाही. त्यानंतर निवारे वाढले, स्वयंसेविकाही आल्या. २००७ मध्ये ‘सिद्र’ वादळ आले तेव्हा देशात काळजीवाहू सरकार व आणीबाणी होती. मृत्यू सुमारे ३,४०० झाले.