निसटणारी साखळी

सायकल चढावर असते, पाय पॅडलवर जोर करीत असतात, आणि एकाएकीं पॅडलमधला विरोध नाहींसा होऊन पाय मोकळेच फिरूं लागतात. खालीं पाहावें तों साखळी दात्यांवरून उतरून लोंबत आहे! हा अनुभव ज्यास आला नाहीं असा सायकलस्वार विरळा. काळे झालेले हात घेऊन उशिरा घरीं परतलेल्या माणसानें 'चेन पडली' एवढें म्हटलें कीं पुरे. अधिक खुलासा कोणी विचारीत नाहीं. या क्षुल्लक वाटणाऱ्या अपघातालाहि शंभर वर्षांहून जुना इतिहास आहे. तोच आज आपणांस थोडक्यांत सांगावयाचा आहे.

पूर्वीच्या उंच सायकलींना साखळीच नव्हती. पॅडलें पुढच्या प्रचंड चाकालाच जोडलेलीं असत. चाक जितकें मोठें तितका वेग अधिक, आणि पडणेंहि तितकेंच उंचावरून! १८७९ सालीं लॉसन या इंग्रज गृहस्थानें मागच्या चाकाला साखळीनें गति देणारी सायकल पुढें आणली. पुढच्याच वर्षीं मँचेस्टर येथें स्थायिक झालेल्या हान्स रेनॉल्ड या स्विस इंजिनियरानें पोकळ नळ्या व फिरते रूळ असलेल्या साखळीची रचना सिद्ध केली. १८८५ मध्यें कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यानें 'रोव्हर' सायकल बनविली, आणि सायकलीला आज आपण ओळखतों तें रूप आलें.

या रचनेंत पुढचें व मागचें दातेरी चक्र एका सरळ रेषेंत असे आणि साखळी ताणलेली असे. ती पडली तर कारण एकच : झिजून ती सैल झालेली असावयाची. मागचें चाक किंचित् मागें सरकवून नट आवळले कीं काम झालें. वर साखळीवर पत्र्याचें झाकण घातलें म्हणजे धोतराचा सोगाहि सुरक्षित!

खरी अडचण डोंगरानें उत्पन्न केली. सपाटीवर सोयीचें असलेलें दात्यांचें प्रमाण चढावर पायांना पेलवत नाहीं. फ्रान्समधील सेंत-एत्येन या डोंगराळ भागांतील गांवीं पॉल द व्हिव्ही नांवाचे गृहस्थ 'व्हेलोसियो' या टोपणनांवानें सायकलविषयक मासिक चालवीत. १९३० सालीं त्यांचें निधन झालें; तोंपर्यंत एका सायकलीला अनेक गिअर असावेत या मताचा पुरस्कार त्यांनीं अखंड केला. एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर साखळी नेणाऱ्या साधनाला फ्रेंचांनीं नांव दिलें 'डिरेलर', म्हणजे रुळांवरून घसरविणारा. हें नांव मोठें मार्मिक आहे. गिअर बदलणें म्हणजे साखळी हेतुपुरस्सर पाडणें आणि पडतां पडतां तिला शेजारच्या चक्रावर झेलणें. साखळी पडण्याच्या पुढील सगळ्या तक्रारींचें मूळ या युक्तींतच आहे. जी साखळी सहज सरकावी असें आपण म्हणतों, तिनेंच नको तेव्हां जागा सोडूं नये अशीहि आपली अपेक्षा असते.

'तूर द फ्रान्स' या शर्यतीचे संस्थापक देग्रांज यांना हें साधन मुळींच मान्य नव्हतें. शर्यतवीर घाटाच्या पायथ्याशीं उतरून मागचें चाक काढीत व उलटें बसवीत. दुसऱ्या बाजूस चढावाचें चक्र असे. १९३७ सालीं ही बंदी उठली, आणि डिरेलर वापरणारा रॉजेर लापेबी हाच त्या वर्षीं विजयी झाला.

यानंतरचें प्रकरण कॅलिफोर्नियांतील टमालपाइस पर्वताच्या परिसरांत घडलें. तेथील कांहीं तरुण जाड टायरांच्या जुन्या सायकली घेऊन खडकाळ वाटेनें वेगानें उतरत. त्या उतारावर ब्रेक इतका तापे कीं, मागच्या हबमधील ग्रीस जळून जाई व तें पुन्हा भरावें लागे. म्हणून १९७६ पासून होऊं लागलेल्या तेथील शर्यतीला 'रीपॅक' असें नांव पडलें. पुढें गॅरी फिशरप्रभृति मंडळींनीं या सायकलींना डिरेलर जोडले, म्हणजे चढणेंहि साधेल. १९७७ मध्यें जो ब्रीझ यानें खास या कामासाठीं सांगाडा बनविला. पर्वती सायकलीचा जन्म असा झाला.

परंतु गुळगुळीत रस्त्यासाठीं योजलेला डिरेलर दगडधोंड्यांत पडला. मागचें चाक उसळलें कीं डिरेलरचा स्प्रिंगवर टेकलेला हात पुढें झुलतो, खालची साखळी सैल पडून फटकारे मारते, आणि तिची लाट पुढच्या चक्रापर्यंत पोंचून दुवे दात्यांवरून उचलले जातात. दातेहि गिअर सुलभ व्हावेत म्हणून मुद्दाम आखूड व तिरपे केलेले! उतारावरच्या शर्यतवाल्यांनीं पट्ट्या व रूळ लावून साखळी जणूं पिंजऱ्यांत कोंडली. पण वजन व घर्षण वाढलें.

उत्तर मिळावयास २०११-१२ साल उजाडलें. जपानच्या शिमानो कंपनीनें डिरेलरच्या सांध्यांत घर्षणाचा क्लच बसविला. त्यामुळें हात मागें सहज जातो, पुढें मात्र सहजासहजीं झुलत नाहीं. अमेरिकेच्या स्रॅम कंपनीनें २०१२ मध्यें पुढें एकच चक्र ठेवून त्याचे दाते आळीपाळीनें जाड व बारीक केले. साखळीचे दुवे एकाआड एक अरुंद व रुंद असतात. सगळे दाते अरुंद दुव्यांत मावतील असे केले तर रुंद दुव्यांत ते सैल राहतात. जाड दाता ती पोकळी भरून काढतो. अशा चक्राला दाते सम संख्येचेच लागतात, हें उघड आहे. मौजेची गोष्ट ही कीं, शेतीच्या यंत्रांसाठीं हीच कल्पना अमेरिकेंत १९७० च्या दशकांतच मांडली गेली होती.

ही गोष्ट किती महागांत पडूं शकते? १९ जुलै २०१० रोजीं पोर द बालेस या घाटांत पिवळा सदरा धारण केलेला लक्झेंबर्गचा अँडी श्लेक ऐन मुसंडीच्या क्षणीं साखळी निसटल्यामुळें थांबला. अल्बर्टो काँताडोर पुढें निघून गेला. त्या दिवशीं श्लेकचे ३९ सेकंद गेले, आणि पॅरिसला पोंचतांना दोघांतलें अंतरहि नेमकें ३९ सेकंदांचेंच होतें! संकटांत सांपडलेल्या प्रतिस्पर्ध्यासाठीं थांबावें कीं नाहीं, यावर मोठा वाद माजला. पुढें २०१२ मध्यें उत्तेजक द्रव्याच्या कारणावरून काँताडोरचें विजेतेपद रद्द होऊन तें श्लेककडे आलें. पण घाटांत गमावलेला तो क्षण कोणता न्यायाधीश परत देणार?

आपली साखळी वारंवार पडत असेल तर दुरुस्तीचा क्रमहि या इतिहासाप्रमाणेंच ठेवावा. प्रथम झीज पाहावी. नव्या साखळीचे २४ दुवे बरोबर १२ इंच भरतात. ते इंचाच्या सोळाव्या भागानें अधिक भरले तर साखळी बदलावी. मग डिरेलरच्या हालचालीला दोन्हीं बाजूंनीं आळा घालणारे दोन स्क्रू तपासावेत. एक साखळीला आऱ्यांत जाऊं देत नाहीं, दुसरा तिला सांगाड्याकडे पडूं देत नाहीं. नंतर डिरेलर ज्या कानाला टांगलेला असतो तो वांकलेला नाहीं ना, हें पाहावें. सायकल एकदां आडवी पडली तरी तो वांकतो. शेवटीं एखादा दुवा आंखडला आहे काय, तें बोटांनीं चाचपावें. आणि चढावर पूर्ण जोर असतांना गिअर बदलूं नये. पाय क्षणभर हलका करावा. एवढी दक्षता घेतली तरी साखळी कधींच पडणार नाहीं असें मी म्हणत नाहीं. म्हणून जवळ एक चिंधी मात्र असूं द्यावी.