भिंतींतील पिळाची तार

घरांतील एका खोलींतून दुसऱ्या खोलींत संगणकाची तार नेऊन भिंतींत इथरनेटचा सॉकेट बसवावयाचा असला, म्हणजे कारागीर करड्या किंवा निळ्या वेष्टणाची केबल घेऊन येतो. वेष्टण सोललें कीं आंत आठ बारीक तारा दिसतात, आणि त्यांच्या चार जोड्या पिळलेल्या असतात. हा पीळ संगणकासाठीं निघालेला नाहीं. संगणक जन्मास येण्यापूर्वीं तो टेलिफोनच्या कामास लागलेला होता.

पहिले टेलिफोन तारायंत्राच्या धर्तीवर एकाच तारेवर चालत. विजेच्या परतीचा मार्ग जमिनींतून असे. तारायंत्राचे ठोके गोंगाटांतहि उमगत. मनुष्याच्या आवाजाचें तसें नव्हतें. शेजारच्या तारेवरील बोलणें ऐकूं येई, आणि पुढें शहरांत विजेच्या ट्रामगाड्या धांवूं लागल्यावर त्यांच्या प्रवाहानें तर संभाषण बुडूनच जाऊं लागलें. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनीं १८८१ सालींच यावर पेटंट घेतलें होतें: परतीसाठीं दुसरी तार घ्यावी व दोन्ही तारा एकमेकींभोंवतीं पिळाव्या. पिळामुळें कोणतीच तार उपद्रवाच्या सतत जवळ राहत नाहीं. दोघींवर तो सारखाच पडतो. ऐकणारें यंत्र दोन तारांमधील फरक तेवढा घेतें, म्हणून सारखा पडलेला उपद्रव वजा होऊन जातो. इतकी साधी युक्ति दीडशें वर्षांच्या घरांत पोंचली तरी तिची जागा घेणारी दुसरी तितकी स्वस्त युक्ति निघालेली नाहीं.

आतां इथरनेटकडे वळूं. २२ मे १९७३ रोजीं कॅलिफोर्नियांतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रांत रॉबर्ट मेटकाफ यांनीं एक टिपण लिहिलें. केंद्रांतील संगणक एकमेकांस व छपाईयंत्रास जोडावयाचे होते. डेव्हिड बॉग्ज यांच्या साहाय्यानें ही योजना उभी राहिली. प्रेरणा हवाई बेटांवरील अलोहानेट या बिनतारी जाळ्याची. आणि नांव घेतलें तें, प्रकाशलहरी जिच्यांतून वाहतात असें पूर्वीं मानीत त्या ईथर नामक द्रव्याचें. मायकेलसन व मोर्ले यांच्या १८८७ च्या प्रयोगांत ज्याचा मागमूस लागला नाहीं, त्याचें नांव तांब्याच्या तारेस मिळावें, ही मौजच म्हणावयाची.

ही तार मात्र पिळाची नव्हती. १९८० सालीं डिजिटल, इंटेल व झेरॉक्स यांनीं मिळून जें प्रमाण प्रसिद्ध केलें, त्यांतील केबल बोटाएवढी जाड होती. तिला भोंक पाडून प्रत्येक संगणकाची जोडणी करावी लागे. असली केबल घरांत कोण नेणार? पुढें पातळ केबल आली; परंतु सर्व संगणक तिच्यावर माळेंतील मण्यांसारखे असल्यानें कोठेंही सांधा निसटला कीं सारी माळ बंद पडे.

कचेऱ्यांच्या भिंतींत टेलिफोनच्या पिळाच्या तारा तर आधींच होत्या. १९९० सालीं टेन-बेस-टी हें प्रमाण मान्य झालें, आणि इथरनेटनें स्वतःची तार सोडून टेलिफोनची तार धरली. मध्यें एक जोडपेटी, व प्रत्येक संगणकास शंभर मीटरपर्यंतची स्वतंत्र तार. एक तुटली तर एकच संगणक अडे. घरापुरतें पाहिलें तर १९७३ च्या शोधापेक्षां हा त्याग मला अधिक मोलाचा वाटतो.

टेलिफोनची खूण सॉकेटांत अजून आहे. आठ जागांपैकीं मधल्या चौथी व पांचवी या टेलिफोनच्या जोडीच्या, म्हणून नव्या पाहुण्यानें त्या सोडल्या. त्याची एक जोडी पहिल्या व दुसऱ्या जागीं बसली, आणि दुसरी जोडी मधल्या दोन जागा ओलांडून तिसऱ्या व सहाव्या जागीं बसली. १९९१ च्या अमेरिकन प्रमाणांत रंगांचे दोन क्रम ठरले. दोन्ही टोकांस एकच क्रम हवा, इतकें पथ्य. १९९९ सालीं गिगाबिटचें प्रमाण आलें, तेव्हां चारही जोड्या कामास लागल्या व टेलिफोनच्या जागाहि इथरनेटनें घेतल्या. क्रम मात्र तोच राहिला.

हें ठाऊक नसलेला कारागीर तारा सरळ ओळीनें, म्हणजे तिसरीशेजारीं चौथी व पांचवीशेजारीं सहावी अशा जोडीनें, दोन्ही टोकांस बसवितो. तपासणीच्या साध्या यंत्रावर आठही दिवे लागतात, आणि काम चोख झालें असें वाटतें. परंतु एका जोडीची तार दुसऱ्या जोडीच्या तारेबरोबर पिळली गेलेली असते. उपद्रव वजा होत नाहीं, वेग पडतो, आणि दोष शोधावयास भिंत फोडण्याची पाळी येते. म्हणून गिलावा होण्यापूर्वींच दोन्ही टोकांचे सॉकेट उघडून पाहावे. टोंकाशीं पीळ १३ मिलिमीटरांहून, म्हणजे अर्ध्या इंचाहून, अधिक उकललेला नसावा. सुबक दिसावें म्हणून कोणी बोटभर तारा सरळ करून मांडल्या असतील, तर तेवढा तुकडा कापून जोडणी पुन्हां करवून घ्यावी.