सूर्यफूल : स्फुरद खताची कार्यक्षमता

जमिनीत घातलेल्या स्फुरदापैकी किती भाग सूर्यफुलाच्या झाडात जातो आणि त्यातून किती जादा दाणा पदरात पडतो, याचे मोजमाप. भारतात हा विषय बंगळुरूपासून सुरू करणे योग्य ठरते. देशातले पहिले संकरित सूर्यफूल, बीएसएच-१, १९८० साली इथल्याच कृषी विद्यापीठाने दिले आणि शहराभोवतीची तांबडी माती स्फुरदाच्या बाबतीत विशेष अवघड आहे.

पार्श्वभूमी. १९६९ मध्ये सोव्हिएत संघातून पेरेडोविकसारखे वाण भारतात आले. पुढे कर्नाटक या पिकाचे प्रमुख राज्य बनले.

माती. तांबड्या मातीतली लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे विद्राव्य स्फुरदाला घट्ट धरतात. रायचूर, विजयपुराकडच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत तेच काम कॅल्शियम करते. दोन्हीकडे स्फुरद मातीत जेमतेम काही मिलिमीटर सरकतो, त्यामुळे मुळांनाच त्याच्याकडे जावे लागते. सूर्यफुलाचे सोटमूळ खोल जाते, पण बराचसा उपलब्ध स्फुरद वरच्या थरात असतो आणि पावसाने ताण दिला की नेमका तोच थर आधी वाळतो. कोरडवाहू शेतात म्हणूनच खताचा परिणाम पावसावर फार अवलंबून राहतो. मुळांवर वाढणारी मायकोरायझा बुरशी आपल्या तंतूंनी मुळांची पोच वाढवते. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठात काम केलेले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डी. जे. बाग्यराज यांचे या बुरशीवरील संशोधन विख्यात आहे. स्फुरदाची मात्रा भरमसाट झाली तर मात्र ही बुरशी मंदावते.

मोजमाप. सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) खताच्या ५० किलोच्या पोत्यात २३ किलो स्फुरद असतो, असे पोत्यावरच्या ४६ टक्क्यांवरून निघते. पण हा आकडा स्फुरद पेंटॉक्साइडचा असतो. मूलद्रव्य म्हणून पाहिले तर तो सुमारे १० किलो भरतो. खत दिलेल्या आणि न दिलेल्या वाफ्यांतल्या पिकाने उचललेल्या स्फुरदाचा फरक काढला, तर पहिल्या हंगामातली वसुली साधारण १५ ते २० टक्क्यांच्या आसपास सांगितली जाते, म्हणजे पोत्यामागे दीड-दोन किलो. उरलेला स्फुरद वाया गेला, असा निष्कर्ष यावरून वर्षानुवर्षे काढला जात होता.

तो घाईचा होता. सायर्स, जॉन्स्टन आणि कर्टिन यांनी २००८ साली जागतिक अन्न व कृषी संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात दीर्घकालीन प्रयोगांचा ताळा मांडला. पिकाने नेलेला एकूण स्फुरद आणि घातलेला स्फुरद यांचे गुणोत्तर काही वर्षांच्या मुदतीत पाहिले, तर कार्यक्षमता कित्येकदा ९० टक्क्यांपर्यंत जाते. मातीने धरलेला स्फुरद पुढच्या पिकांना हळूहळू मिळतो. बंगळुरूच्या परिसरात सूर्यफुलानंतर नाचणी घेतली, तर त्याचा वाटा तिलाही मिळू शकतो. पहिल्या हंगामाचा आकडा खरा की ताळ्याचा, यावर एकमत नाही. स्फुरद धरून ठेवणाऱ्या जमिनीत ताळ्याचा आकडा कितपत लागू पडतो, हेही वादाचे आहे.

खत देण्याची रीत. दोन चाड्यांच्या पाभरीने खत बियाण्याच्या बाजूला, थोडे खाली पडते आणि कमी मातीशी त्याचा संबंध येतो. म्हणून ते विस्कटून टाकण्यापेक्षा असे पेरून देणे चांगले. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद (पेंटॉक्साइड म्हणून) १६ टक्केच असला, तरी सोबत मिळणारे गंधक तेलबियांना हवेच असते. डीएपीत ते नसते. पोत्याच्या किमतीपेक्षा ही तुलना शेतकऱ्यापर्यंत आधी पोचायला हवी.

माती परीक्षण. उपलब्ध स्फुरद मोजायला आम्ल जमिनीसाठी ब्रे, विम्ल जमिनीसाठी ओल्सेन पद्धत. मृदाशास्त्रज्ञ बी. राममूर्ती यांच्या १९६७ पासूनच्या कामातून माती परीक्षण आणि अपेक्षित उत्पादनानुसार खत ठरवण्याची समीकरणे पुढे आली. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाच्या जी.के.व्ही.के. आवारात हे काम चालते.

तेल आणि पेंड. शुद्ध केलेल्या तेलात स्फुरद जवळजवळ नसतो. गाळपानंतर तो मुख्यतः पेंडीत राहतो. बी घाण्याकडे गेले आणि पेंड परत आली नाही, तर टनभर बियामागे मूलद्रव्याच्या हिशेबाने पाच-सात किलो स्फुरद शेताबाहेर जातो.