‘फ्राय’, भाजणे आणि बिर्याणी

हैदराबादेतील आपल्या मराठी घरांत आताशा भेंडी ‘फ्राय’ होते, पापड ‘फ्राय’ होतो आणि शिऱ्याचा रवाही ‘फ्राय’ होतो. एका इंग्रजी क्रियापदाने आपल्या परतणे, तळणे व भाजणे या तीन क्रियापदांची जागा घेतली आहे. हा पाहुणा मूळचा कोठला, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि पुढील दोन-तीन शतकांत राज्यकर्त्यांची फ्रेंच भाषा इंग्रजांच्या मुदपाकखान्यात शिरली. फ्राय, बॉइल, रोस्ट ही तिन्ही क्रियापदे त्याच वाटेने आली. उकळून शिजवण्यासाठी जुन्या इंग्रजीत ‘सीद’ हे क्रियापद होते. ‘बॉइल’ने त्यास चुलीवरून हुसकले. आज ‘सीद’ उरले आहे ते मुख्यत्वे संतापाने धुमसण्यापुरते. आपणही सावध राहिलो नाही, तर तळणे जाऊन तळतळाट तेवढा शिल्लक राहील!

‘फ्राय’चे मूळ लॅटिन ‘फ्रिगेरे’, म्हणजे भाजणे वा तळणे. व्युत्पत्तीचे अभ्यासक त्याचे नाते संस्कृत ‘भृज्ज्’ धातूशी आणि फारसी ‘बिरिश्तन’शी जोडतात. संस्कृताच्या वाटेने आपले भाजणे आले. फारसीच्या वाटेने ‘बिरियान’, म्हणजे भाजलेले, आणि त्यावरून बिर्याणी. गंमत अशी की, हैदराबादच्या कच्च्या बिर्याणीत मसाला लावलेले कच्चे मांस अर्धवट शिजलेल्या भातासह दमावर ठेवतात. नाव मात्र भाजण्याचे राहिले. येथील खानावळींच्या पाट्यांवर ‘फ्राय पीस बिर्याणी’ असे लिहिलेले दिसते, तेव्हा एकाच कुळातील दोन भाऊबंद शेजारी बसलेले असतात.

तेव्हा परका शब्द आला म्हणून शोक करण्याचे कारण नाही. 1880च्या दशकात निजामी राज्यात फारसीची जागा उर्दूने घेतली. मराठवाड्याचे पाच जिल्हे 1956पर्यंत हैदराबाद राज्यात होते आणि आमच्या वाडवडिलांची कचेरी उर्दूतच चाले. कचेरीची भाषा घरी आली, तिच्यासोबत ‘बघार’ही आला. पण हा शब्दही मूळचा परका नव्हे. यज्ञात तुपाची धार धरण्यास संस्कृतात ‘व्याघारण’ म्हणत, त्याचाच तो वंशज. तुपाच्या धारेवरून बघार, मोहरी फुटण्यावरून फोडणी. बघारे बैंगन आणि बघारा खाना आपण आवडीने स्वीकारले, तरी वरणाला फोडणीच दिली. नव्या शब्दाने जुन्याला घराबाहेर काढले नाही.

‘फ्राय’चे तसे नाही. भरपूर तेलात ते तळणे, थोड्या तेलात उलथन्याने हलवीत राहणे ते परतणे, कोरडे वा किंचित तुपावर ते भाजणे. हा भेद सांगण्यासाठी इंग्रजीला डीप, शॅलो अशी विशेषणे जोडावी लागतात. चिनी पाककृतीसाठी तर बुवेई यांग चाओ यांच्या 1945च्या पुस्तकातून ‘स्टर-फ्राय’ असा जोडशब्द रूढ झाला. आपल्या आज्यांचे काम ‘परत’ एवढ्या तीन अक्षरांत भागत असे. उलट ‘दाल फ्राय’मध्ये डाळ तळली जात नाही की परतली जात नाही, तिला केवळ फोडणी मिळते.

हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. क्रियापद ही एक प्रकारे पाककृतीच असते. थालीपिठाच्या भाजणीसाठी प्रत्येक धान्य वेगवेगळे, मंद आचेवर, कोरडे भाजावे लागते. हे सारे ‘भाजणी’ या नावातच गृहीत आहे. सुनेला वा नातीला ‘धान्य फ्राय करून घे’ असे सांगितले, तर तिने तेल घ्यावे की न घ्यावे? येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांत हे ज्ञान बहुधा कागदावर नाही; ते बोलण्यातूनच पुढे आले आहे. म्हणून घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या कृती उतरवून घ्याव्यात आणि त्या घेताना त्यांची क्रियापदे बदलू नयेत, एवढीच आमची विनंती आहे.