अंतिम बॉस-संगीत

व्हिडिओ गेममधील शेवटच्या आणि सर्वांत बलाढ्य प्रतिस्पर्ध्याशी होणाऱ्या लढतीसाठी रचलेले संगीत. या प्रतिस्पर्ध्याला ‘अंतिम बॉस’ म्हणतात; खेळणाऱ्यांच्या तोंडी तो ‘लास्ट बॉस’ असतो. चित्रपटांच्या पार्श्वसंगीतापेक्षा हा प्रकार एका बाबतीत मुळातच वेगळा आहे. चित्रपटातली मारामारी किती सेकंदांची आहे हे संगीतकाराला आधीच ठाऊक असते. गेममधली लढत एकाची दोन मिनिटांत आटोपते, दुसऱ्याची वीस मिनिटे चालते, तिसरा दर थोड्या वेळाने हरतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. म्हणून ही रचना कितीही वेळ चालू शकली पाहिजे, कोणत्याही क्षणी थांबू शकली पाहिजे आणि पन्नासाव्या खेपेलाही नकोशी होता कामा नये. या तीन अटींतूनच तिचे बहुतेक गुणविशेष आले आहेत. दणदणाट हा त्यांतला सर्वांत कमी महत्त्वाचा गुण होय.

लढतीचा ताण संगीताने वाढवण्याची कल्पना १९७८ साली जपानमध्ये आलेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये दिसते. तोमोहिरो निशिकादो यांनी तयार केलेल्या या खेळात खालच्या सप्तकातले चार उतरते स्वर सतत वाजत राहतात आणि शत्रू कमी होत जातात तशी त्यांची लय वाढत जाते. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये अंतिम लढतीला स्वतंत्र संगीत नव्हतेच, शेवटच्या किल्ल्यातही आधीच्या किल्ल्यांचीच छोटी धून वाजे. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या घरोघरी टीव्हीला जोडून, ‘कॅसेट’ बदलून जे खेळ खेळले गेले ते बहुतांशी, ‘सुपर मारिओ’ ज्या जपानी यंत्रावर चाले त्याच्या नकलांवर चालत. त्या यंत्रातली ध्वनिचिप एका वेळी पाचच आवाज देई : दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी लहरीचा, एक निव्वळ खरखरीचा आणि एक मुद्रित ध्वनितुकड्यांचा. त्रिकोणी लहरीकडे खर्जाचे काम, खरखरीकडे तालवाद्याचे. इतक्या तुटपुंज्या साधनांवर भव्यता उभी करायची म्हणजे भर स्वररचनेवरच द्यावा लागे. त्या काळातल्या धुना आजही गुणगुणता येतात, त्याचे एक कारण हे आहे.

पुढे साधने वाढली. १९९४ च्या प्लेस्टेशनमध्ये एका वेळी २४ आवाज वाजू शकत होते. त्यावरच्या ‘फायनल फँटसी ७’ (१९९७) या खेळासाठी नोबुओ उएमात्सु यांनी रचलेले ‘वन-विंग्ड एंजल’ हे अंतिम बॉस-संगीताचा मानदंड ठरले. या मालिकेत शब्दांसह खऱ्या मानवी आवाजांचे समूहगान तेथे प्रथमच आले. त्या खेळातले संवाद पडद्यावर अक्षरांतच उमटतात; त्यामुळे अनेक तासांच्या खेळानंतर, थेट शेवटच्या लढतीत, माणसांचा आवाज कानी पडतो तेव्हा त्याचा धक्का संगीताच्या बळापेक्षाही मोठा असतो. गायनाचे लॅटिन शब्द ‘कार्मिना बुराना’ या तेराव्या शतकातल्या हस्तलिखितातले आहेत. कार्ल ऑर्फ यांनी त्याच संग्रहावर बांधलेली रचना १९३७ मध्ये सादर झाली होती. उएमात्सु यांनी ही रचना सलग न लिहिता सुचतील तसे लहान लहान तुकडे लिहून ठेवले आणि मग ते एकापुढे एक मांडले. त्यांच्या डोळ्यांपुढे स्ट्राव्हिन्स्की यांच्या ‘द राइट ऑफ स्प्रिंग’चा आघातप्रधान वाद्यवृंद होता आणि जिमी हेंड्रिक्स यांचे रॉक संगीतही होते. तुकड्यांची ही जोडणी लढतीला पोषक ठरते. एका विभागातून दुसऱ्यात जाताना पूल बांधलेला नसतो, एकदम उडी असते. ऐकणाऱ्याला पुढे काय येईल याचा अंदाज बांधता येत नाही आणि रचना संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू होते तो आवर्तनाचा सांधाही त्या उड्यांमध्ये लपून जातो.

याच्या अगदी उलट रीतीने, एकाच लहान वाक्यावर उभी असलेली रचना म्हणजे ‘मेगालोव्हेनिया’. अमेरिकेतील टोबी फॉक्स यांनी ती २००८ मध्ये दुसऱ्या एका खेळाच्या हौशी रूपांतरासाठी रचली आणि पुढे स्वतःच्या ‘अंडरटेल’ (२०१५) या खेळात वापरली. खेळणारा वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला ठार मारत गेला तरच शेवटी सान्स नावाचा सांगाडा त्याच्यासमोर उभा राहतो आणि हे संगीत वाजते. पहिला हल्ला मात्र तो संगीत नसतानाच करतो. तो चुकवणाऱ्यालाच धून ऐकायला मिळते.

मूळ रचनेतला ‘डी’ हा स्वर षड्ज धरला तर धुनेचे मुख्य वाक्य असे होते : सा सा सां प, मग तीव्र मध्यम, शुद्ध मध्यम, कोमल गंधार, सा, कोमल गंधार, शुद्ध मध्यम. पंचमावरून दोन्ही मध्यम लागोपाठ घेत उतरायचे, हे त्याचे मर्म. दोन मध्यम शेजारी-शेजारी म्हटले की मराठी श्रोत्याला ललत आठवतो. पण ललतात पंचम वर्ज्य आणि गंधार शुद्ध, म्हणून ते साम्य तेवढ्यापुरतेच. सा, कोमल ग, म, प, कोमल नी हे धानी रागाचे पाच स्वर घेऊन त्यांत तीव्र मध्यमाची एक ठिणगी टाकली की जे होते ते पाश्चात्त्य संगीतातले ब्लूज स्वरसप्तक. ‘मेगालोव्हेनिया’चे वाक्य याच सप्तकात बसते. तीव्र मध्यमावर ते मुक्काम करत नाही, घसरत पुढे जाते. गाण्यातला आर्जवी भाव त्यामुळे टळतो आणि एक चिडवल्यासारखा डौल येतो.

लय त्याहून रोचक आहे. वाक्याचा कालावधी सोळा सूक्ष्म मात्रांचा आहे, म्हणजे तीनतालाचे एक आवर्तन त्यावर ठेवून मोजता येते. पहिले दोन षड्ज एकेका मात्रेचे, तार षड्ज दोन मात्रांचा, पंचम तीन, त्यानंतरचे तीन स्वर दोन-दोन मात्रांचे आणि अखेरचे तीन एकेक मात्रेचे. हातावर ताल धरून पाहिले की युक्ती उघड होते. समेवर स्वर आहे, पाचव्या मात्रेच्या टाळीवर पंचम नेमका पडतो. पण तीव्र मध्यम आठव्या मात्रेवर उगवून नवव्या मात्रेची खाली ओलांडून जातो, शुद्ध मध्यम दहावीवर येतो, कोमल गंधार बारावीवर येऊन तेराव्या मात्रेची टाळीही झाकून टाकतो. आवर्तनाच्या उत्तरार्धात ठेक्याचा एकही टेकू मिळत नाही. मग चौदा, पंधरा, सोळा या मात्रांवर तीन स्वर झपाझप येतात आणि ऐकणाऱ्याला समेवर आणून सोडतात. तबलजी मुखडा घेऊन सम गाठतो तेच काम हे तीन स्वर करतात, आणि ते प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी होत असल्याने धून कधीच ‘संपली’ असे वाटत नाही. आवर्तनाचा सांधा लपवण्याची गरजच येथे उरत नाही. सांध्याकडेच सगळा ओढा आहे.

तिसरी गोष्ट पायाची. चार आवर्तनांत वाक्याचे बाकीचे आठ स्वर जसेच्या तसे राहतात, बदलतात ते फक्त पहिले दोन. पहिल्या खेपेस ते षड्ज, दुसऱ्या खेपेस मंद्र कोमल निषाद, तिसऱ्या खेपेस मंद्र शुद्ध धैवत, चौथ्या खेपेस मंद्र कोमल धैवत. वरची आकृती ठाम उभी आणि खालची जमीन पायरी-पायरीने खचत चाललेली, असा हा परिणाम आहे. पाश्चात्त्य पद्धतीच्या बॉस-संगीतातली बरीचशी अस्वस्थता याच उपायातून येते : खर्जाचा आधार हलवायचा. हिंदुस्थानी संगीताला नेमका हाच उपाय उपलब्ध नाही, कारण तेथे तानपुऱ्याचा षड्ज अढळ असतो. राग-संगीताच्या अंगाने बॉस-संगीत रचणाऱ्याला ताण निर्माण करायचा तो लयीतून, स्वरांच्या दाटीतून, न्यासाचा स्वर लांबवत नेण्यातून किंवा मूर्च्छनेने षड्जाचा भास बदलून.

हा प्रश्न पुण्यात प्रत्यक्ष उभा राहिला तो ‘राजी : ॲन एन्शन्ट एपिक’ या खेळाच्या निमित्ताने. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने तो तयार केला. ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेन्डो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर तो प्रसिद्ध झाला. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील सर्वोत्तम खेळासाठीच्या पाच नामांकनांत त्याचा समावेश होता. राक्षसांनी पळवून नेलेल्या गोलू या धाकट्या भावाला शोधत निघालेली राजी ही त्याची नायिका, कथा सांगणारे दुर्गा आणि विष्णू, आणि शेवटी समोर उभा ठाकणारा महाबलासुर. संगीत ग्रीक संगीतकार लिनोस त्झेलोस यांचे असून त्यात भारतीय वाद्यांचे रंग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा भरणा यांची सांगड आहे. पुण्यात घडलेल्या, पुराणांच्या वातावरणात वावरणाऱ्या खेळाला संगीत मात्र भूमध्य सागराकाठच्या संगीतकाराने द्यावे, यात काही वावगे नाही. पण पखवाजाच्या परणी, ताशाची तर्री आणि तिहाईचे गणित अंगात मुरलेल्या संगीतकाराला अंतिम लढतीचे संगीत सोपवले जाणे अजून बाकी आहे, ही उणीव जाणवते.

ती जाणवण्याचे कारण असे की लांबी अनिश्चित असलेल्या प्रसंगाला साथ करण्याची विद्या महाराष्ट्रात जुनी आहे. कोकणच्या दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. देव आणि दैत्य यांचे युद्ध रंगेल तेवढे चालते, आणि पायपेटी, पखवाज व झांज घेऊन बसलेली मंडळी पात्रांच्या पावलांवर नजर ठेवून वाजवत राहतात. दैत्य कोसळला की पखवाजाची थाप त्याच क्षणी पडते. पुण्याच्या गणेश विसर्जन मिरवणुकीत ढोल-ताशा पथकापुढेही हाच पेच असतो. मंडईतून निघून लक्ष्मी रस्त्याने अलका चौकाकडे सरकणारी मिरवणूक कुठे किती थांबेल हे कोणालाच सांगता येत नाही. पथक एक ठेका धरून घुमवत राहते. पुढे जागा झाली किंवा रंग चढला की ताशावाला तर्री दाट करतो, हात उंचावून खूण करतो, चालू आवर्तन पुरे होईपर्यंत सगळे थांबतात आणि पुढच्या समेवर पन्नास टिपरू एकदम नव्या ठेक्यावर पडतात. खूण मधेच आली तरी बदल समेवरच होतो.

संगणकाला नेमके हेच शिकवावे लागले. लुकासआर्ट्सच्या मायकेल लँड आणि पीटर मॅकॉनेल यांनी १९९१ मध्ये ‘मंकी आयलंड २’ साठी वापरात आणलेली ‘आयम्यूज’ ही प्रणाली खेळातल्या घटनेची खूण लक्षात ठेवी आणि योग्य मात्रेवर एका संगीतखंडातून दुसऱ्यात नेई. आज एफमॉड, वाइज यांसारख्या साधनांनी हे काम होते. त्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत लढतीच्या प्रत्येक टप्प्यासाठी वेगळा खंड असतो आणि टप्पा बदलला की आवर्तनाच्या शेवटी उडी मारली जाते. दुसरीत एकच रचना अनेक थरांत मुद्रित केलेली असते. सर्व थर एकाच वेळी चालू असतात, पण त्यांतले काही मुके ठेवलेले असतात आणि गरजेनुसार उघडले जातात. ‘मेटल गिअर रायझिंग’ (२०१३) मध्ये लढत निर्णायक वळणावर आली की तोवर केवळ वाद्यांवर चाललेल्या गाण्यात गायकाचा आवाज उघडतो. खेळणाऱ्याला तो आवाज आपल्या पराक्रमाला उत्तर म्हणून आल्यासारखा वाटतो, आणि या रीतीचे सारे यश त्या वाटण्यात आहे.

अंतिम लढतीचे संगीत खेळाच्या कथेतच गुंफण्याचे प्रयोगही झाले आहेत. कोजी कोंदो यांचे संगीत असलेल्या ‘द लिजेंड ऑफ झेल्डा : ऑकरिना ऑफ टाइम’ (१९९८) मध्ये नायक मनोरा चढत असताना ऑर्गनचे सूर मजल्यागणिक मोठे होत जातात, आणि माथ्यावर पोचल्यावर कळते की शत्रू गॅननडॉर्फ स्वतःच ते वाद्य वाजवत बसला आहे. पार्श्वसंगीत म्हणून ऐकलेले एकदम पात्राच्या हातचे होऊन बसते. जपानी ‘मदर’ (१९८९) या खेळात शेवटच्या शत्रूवर शस्त्र चालतच नाही; प्रवासात गोळा केलेल्या आठ सुरावटी मिळून झालेले गाणे त्याच्यासमोर गावे लागते. ‘नीअर : ऑटोमाटा’ (२०१७) मध्ये अखेरची लढत श्रेयनामावलीशीच होते, आणि इतर खेळाडूंची मदत स्वीकारताच एकट्या गायिकेच्या स्वरात समूहाचे स्वर मिसळतात.

सर्वांत दुर्लक्षित राहिलेला भाग शेवटाचा. बॉस कोसळतो तो क्षण आवर्तनात कुठेही येऊ शकतो. जुन्या खेळांत संगीत तेथेच तोडून विजयाची छोटी धून लावत; काही ठिकाणी आवाज हळूहळू विरवला जाई, आणि मग इतका वेळ चढवलेला ताण नुसताच ओसरून जाई. अलीकडचे संगीतकार प्रत्येक एक किंवा दोन आवर्तनांसाठी वेगळा समारोप लिहून ठेवतात. शेवटचा घाव बसला की यंत्रणा जवळच्या समेपर्यंत थांबते, तेवढा वेळ पडद्यावर शत्रू सावकाश ढासळताना दाखवला जातो, आणि ठरलेला समारोप सुरू होतो. एकच बोलसमूह तीनदा वाजवून समेवर येणाऱ्या तिहाईचे गणित येथे चपखल बसते. समेला किती मात्रा उरल्या आहेत हे यंत्राला ठाऊक असते. उरलेल्या मात्रांच्या हिशेबाने सात, नऊ किंवा अकरा मात्रांची तिहाई निवडली, तर तिचे शेवटचे ‘धा’ आणि शत्रूचे जमिनीवर पडणे एकाच समेवर येते.